आठ कागदांचं विमान

निमझरी नावाच्या गावात एक भोळा माणूस राहत होता, आणि गावाचं नशीब असं, की त्याच गावात एक विमानही राहत होतं.

माणसाचं नाव सखाहरी. वय चाळीसच्या घरात, अंगानं दणकट, मनानं गाईहून गरीब. सांगितलं ते करायचा. अडचण एवढीच, की सांगितलं तेवढंच करायचा. कुणी म्हणालं, "सखाहरी, शेळीवर नजर ठेव," की हा नजर ठेवी. शेळी पाटलाच्या मक्यात शिरे, पोटभर खाई, ढेकर देऊन बाहेर येई. सखाहरीची नजर तिच्यावरून तसूभर हलत नसे. त्यामुळे गावात त्याला कुणी काम देईना.

काम दिलं ते कॅप्टन देवस्थळींनी. गावाबाहेरचा माळ जुन्या संस्थानिकांनी कधी काळी सपाट करून घेतला होता. त्या माळावर कॅप्टननी एक पत्र्याची शेड, एक दोन आसनी पिवळं विमान आणि तीन विद्यार्थी एवढ्या सामानावर विमान चालवायची शाळा काढली होती. कॅप्टनचं वय एकसष्ट. बायको नाही, मूल नाही, दुसरा नाद नाही. सकाळी विमानात बसून गावावरून एक फेरी मारली, की त्यांना चहा गोड लागे. सखाहरीनं शेड झाडायची, विमान पुसायचं आणि रोज सकाळी दोरी बांधून ते बाहेर ओढायचं. सखाहरीचा कॅप्टनवर फार जीव होता. ज्यानं आपल्याला शेळीपेक्षा मोठं काहीतरी सांभाळायला दिलं, त्याच्यावर माणसाचा जीव असतोच.

एके दिवशी कॅप्टननी त्याला एक चामडी पिशवी दिली.

"सखाहरी, यात आठ कागद आहेत. विमानाच्या नोंदणीचा दाखला. ते उडण्यास योग्य असल्याचा दाखला. विम्याचा कागद. रेडिओचा परवाना. वजनाचा तक्ता. प्रवासाची वही. माझं लायसन्स. आणि मी धडधाकट असल्याचा डॉक्टरी दाखला."

"तुमी धडधाकट हाय ते दिसतंय की."

"दिसून चालत नाही, लिहिलेलं लागतं. यातला एक नसला, तर हे विमान नाही, पत्र्याचा डबा आहे. जिवापेक्षा जप. माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचे नाहीत."

"व्हय जी."

चार दिवसांनी कॅप्टन गावात दाढी करायला गेले होते. तेवढ्यात माळावर एक सरकारी जीप आली. जीपमधून सरकारी टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले. हे तपासनीस धारपुरेसाहेब. विमानांची तपासणी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि त्या तीस वर्षांत त्यांनी विमानाकडे मान वर करून पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांना बघायचे असत कागद.

"कागद दाखव," धारपुरे म्हणाले.

सखाहरीनं पिशवी पोटाशी धरली. "न्हाई."

"अरे, मी सरकारी तपासनीस आहे."

"असाल. कॅप्टनसाहेब न्हाईत ना तुमी?"

"नाही."

"मग न्हाई."

धारपुरे त्याच्याभोवती दोनदा फिरले. सखाहरीही त्यांच्याबरोबर दोनदा फिरला, पाठ त्यांच्याकडे करून. शेवटी धारपुऱ्यांनी वहीत लिहिलं, 'कागद दाखवले नाहीत. ठपका पहिला,' आणि निघून गेले.

कॅप्टन अर्ध्या दाढीनं धावत आले, तोवर धुरळाही खाली बसला होता. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे, तीन ठपके पडले की शेडला कुलूप लागतं! मग मी काय करू? घरात बसून पंखा बघू?" ते ओरडले. "ऐक. सरकारी टोपी घातलेला माणूस आला आणि त्यानं कागद मागितला, की मुकाट्यानं हातात द्यायचा. हूं का चूं करायचं नाही."

"असं आधी सांगायचं जी," सखाहरी म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सरकारी टोपी घातलेला माणूस आला. तो होता पोस्टमन रंगराव. उन्हातून सायकल हाणत आलेला, घामाघूम.

"कॅप्टनसाहेबांचा काही कागद द्यायचा आहे का टाकायला?" त्यानं सवयीनं विचारलं.

सखाहरीनं हूं केलं नाही, चूं केलं नाही. पिशवीत हात घातला आणि वरचा कागद दिला. वरचा कागद म्हणजे विमानाच्या नोंदणीचा दाखला. रंगरावाची नजर अधू होती आणि चष्मा घरी होता. त्यानं तो थैलीत टाकला. कागदावर पत्ता नव्हता, तिकीट नव्हतं. पण टपालखातं मोठं दयाळू. पत्ता नसला म्हणून ते कागदाला वाऱ्यावर सोडत नाही, फिरवत राहतं. दाखला आधी साताऱ्याला गेला. तिथून मुंबईला. मुंबईत तो एका टेबलावर अकरा दिवस पडून होता. ज्या विमानाचा तो दाखला, ते विमान आयुष्यात एवढं फिरलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत धारपुरे पुन्हा उगवले. कागद मोजले. सात निघाले. 'ठपका दुसरा.'

सतराव्या दिवशी दाखला परत आला, अंगावर नऊ शिक्के घेऊन.

"तू पोस्टमनला दाखला दिलास?" कॅप्टनचा आवाज चिरकला.

"टोपी हुती त्येच्या डोक्यावर. सरकारीच हुती."

"अरे, टोपी बघून माणूस ओळखतात का? त्याचं ओळखपत्र मागायचं! ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचं तोंड ताडून बघायचं. जुळलं नाही, तर तो कोणी का असेना, त्याला जागचं हलू द्यायचं नाही. कळलं?"

"आता कळलं," सखाहरी म्हणाला, आणि त्याला खरोखरच कळलं होतं. तीच तर पंचाईत होती.

पुढच्या सोमवारी कॅप्टनना विमान घेऊन पुण्याला जायचं होतं. त्यांच्या डॉक्टरी दाखल्याची मुदत संपत आली होती आणि अकरा वाजता डॉक्टरांनी बोलावलं होतं. वेळ चुकली, की पुन्हा महिनाभर थांबा. कॅप्टन इस्त्रीचा शर्ट घालून विमानात बसले. सखाहरी पिशवी द्यायला आला, आणि देता देता त्यानं कॅप्टनचं लायसन्स उघडलं.

लायसन्सवरच्या फोटोत एक तिशीतला जवान होता. डोक्यावर दाट कुरळे केस, ओठावर झुबकेदार मिशी. सखाहरीनं फोटो बघितला. मग कॅप्टनकडे बघितलं. तिथं केस नव्हते, मिशी नव्हती, होते ते फक्त गालाला खड्डे. त्यानं पुन्हा फोटो बघितला. मग काही न बोलता दोन लाकडी ठोकळे चाकांपुढे सरकवले आणि स्वतः त्यातल्या एकावर बसला.

"सखाहरी, ठोकळे काढ!"

"ह्यो मानूस कोन हाय?"

"कुठला माणूस?"

"फोटूतला."

"अरे, तो मी आहे!"

"न्हाई जी. ह्येला क्यास हायती."

"गेले ते! तीस वर्षं झाली त्या फोटोला!"

"मग त्येच तर म्हनतो मी. फोटूत हायती, तुमास्नी न्हाईती. मी काय म्हनतो, त्यो मानूस यिऊ द्या, मी लगेच उठतो."

कॅप्टन ओरडले, विनवण्या केल्या, खाली उतरून ठोकळा ओढून पाहिला. पण सखाहरी बसला की बसला. कॅप्टनबद्दल त्याला वाईटच वाटत होतं. एवढा चांगला माणूस, आणि दुसऱ्याच्या लायसन्सवर विमान उडवायला निघाला होता. साडेअकराला तो स्वतःच उठला, कारण ऊन लागायला लागलं होतं.

डॉक्टरांनी पुढची तारीख दिली ती धारपुऱ्यांच्या वार्षिक मोठ्या तपासणीच्या आदल्या आठवड्यातली. कॅप्टन मनातून फार चिडले. पण रागावून उपयोग नव्हता, सांगून सुधारायला हवं होतं. शिक्षक माणूस, समजावून सांगायची खोड जाते कुठे?

"हे बघ," ते म्हणाले, "फोटो जुना झाला म्हणून कागद खोटा होत नाही. फोटोकडे बघूच नकोस. तारखेकडे बघ. विमानात जे जे आहे, त्यावरची तारीख वाच. तारीख उलटून गेली असेल, तर ती वस्तू विमानात क्षणभर ठेवायची नाही. काढून बाहेर टाकायची. मग ती काही का असेना."

"काई बी?"

"काहीही!"

कॅप्टनना म्हणायचं होतं ते विमानातल्या औषधाच्या पेटीबद्दल. सखाहरीला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, आकडे तर पक्के. ठरल्या तारखेला कॅप्टन एसटीनं दोन दिवस पुण्याला डॉक्टरांकडे गेले, आणि सखाहरी पाना-पेचकस घेऊन विमानात शिरला.

होकायंत्रावर पितळी पट्टी होती. त्यावर सन होतं एकाहत्तर. उलटून गेलेलं. काढलं. रेडिओवर सन होतं अठ्ठ्याहत्तर. काढला. दोन्ही आसनांखाली कारखान्याचा शिक्का, तारखेसकट. आसनं काढली. पट्टे काढले. घड्याळ काढलं. उंची दाखवणारा काटा काढला. पंखा फिरवणारं इंजिनही तो काढणार होता, पण एकट्याला उचललं नाही. मग प्रवासाची वही उघडली, तर तिच्यात पानोपानी उलटून गेलेल्या तारखा, एकही धड उद्याची नाही! इतकी खराब वही त्यानं जन्मात बघितली नव्हती. तीही गेली. मग बाकीचे कागद बघितले. त्यांवरही दाखला दिल्याच्या तारखा होत्या, सगळ्या होऊन गेलेल्या. पिशवीसकट गेले.

संध्याकाळपर्यंत विमानात इंजिनाखेरीज दोनच वस्तू उरल्या. आग विझवायचं लाल नळकांडं आणि एका विद्यार्थ्याचा राहिलेला बिस्किटाचा पुडा. बिस्किटं पुढच्या जूनपर्यंत चांगली होती.

कॅप्टन परत आले तेव्हा शेडच्या मागे ढीग होता. ढिगावर प्रवासाची वही होती. वहीवर कुणाची तरी कोंबडी बसली होती. कॅप्टननी कोंबडी उठवली. खाली अंडं नव्हतं एवढं बरं.

त्यांना रडू आलं. खरंच आलं. तपासणी पाच दिवसांवर होती, दोन ठपके पडलेले होते, आणि विमानात बसायला जागा होती ती फक्त पत्र्यावर. तालुक्याहून गोडांबे मिस्त्रींना आणलं. मिस्त्रींनी चार दिवस राबून सगळं जागच्या जागी बसवलं, आणि जाताना सखाहरीकडे असं बघून गेले, की दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता.

कॅप्टननी सखाहरीला समोर बसवलं. या खेपेला त्यांनी फार विचार करून, चुकीला जागाच राहू नये असं एकच वाक्य तयार केलं होतं.

"सखाहरी, टोपी विसर. फोटो विसर. तारखा विसर. एकच ध्यानात ठेव. विमान आणि त्याचे कागद यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. विमान एकीकडे आणि कागद दुसरीकडे, असं क्षणभरसुद्धा दिसलं, तर आपण संपलो. म्हण."

"ताटातूट हू द्यायची न्हाई."

"पुन्हा म्हण."

त्यांनी ते सात वेळा म्हणवून घेतलं आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

तपासणीचा दिवस उजाडला. दहा वाजता धारपुऱ्यांची जीप आली. जीपच्या मागच्या भागात सरकारी गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते, त्यामुळे ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसे. मागचं बघायची त्या खात्याला गरजही पडत नसावी. धारपुरे शेडमध्ये टेबलापाशी बसले. त्यांनी एकेक कागद घेतला. उन्हाकडे धरला. अंगठ्यानं चोळला. शाईचा वास घेतला. नोंदणीच्या दाखल्यावरचे नऊ शिक्के बघून तर त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दाटून आलं. तीन तास गेले. कॅप्टन दाराशी उभे राहून कागद मोजत होते.

"आठ," धारपुरे शेवटी म्हणाले. "आठच्या आठ. समाधानकारक."

"विमान बघता ना साहेब?" कॅप्टननी विचारलं. "हे काय, इथं मागेच आहे."

"कशाला? कागद बघितले म्हणजे विमान बघितलंच." त्यांनी झोकदार सही केली. "आजपासून एक वर्ष हे विमान उडण्यास योग्य आहे. शिक्का तेवढा विभागीय कचेरीत आहे. मूळ कागद मी घेऊन जातो, उद्या शिक्का मारून माणसाबरोबर पाठवतो."

कॅप्टनना काय करावं सुचेना. त्यांनी धारपुऱ्यांचा हात हातात घेऊन हलवला, सखाहरीच्या पाठीवर थाप मारली, आणि "चहा घ्या, मी पेढे घेऊन आलोच" म्हणत सायकलवर टांग टाकून गावाकडे सुटले.

धारपुऱ्यांनी चहा घेतला. पिशवी जीपच्या पुढच्या बाकावर ठेवली. शेडच्या दारातून सखाहरी ते बघत होता. कागद जीपमध्ये होते. विमान शेडमध्ये होतं. आता जीप जाणार!

त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कॅप्टनसाहेब नव्हते. जे करायचं ते त्यालाच करायचं होतं, आणि साहेबांचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं होतं. त्यानं रोजची दोरी घेतली, विमान बाहेर ओढलं, दोरीचं दुसरं टोक जीपच्या मागच्या आकड्याला करकचून बांधलं. ड्रायव्हर पुढे बिडी ओढत होता. धारपुरे वहीत मान घालून चढले. जीप निघाली, आणि विमान तिच्यामागं निघालं. सखाहरी शेपटीला हात लावून मागं धावू लागला.

माळाच्या वेशीवर संस्थानिकांनी बांधलेले दोन दगडी खांब होते. त्यांच्यामधून जीप गेली. विमानही गेलं. पंख तेवढे गेले नाहीत. ते दोन्ही बाजूंना खांबांपाशीच राहिले.

"काय आवाज झाला?" धारपुऱ्यांनी विचारलं.

"गठ्ठं हाललं असतील साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी जड वढतीया आज."

तिथून रस्ता तळ्याच्या काठानं वळसा घेऊन चढाला लागतो. त्या चढावर समोरून कॅप्टन आले. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी आधी जीप बघितली आणि हसून हात हलवला. मग जीपच्या मागे बघितलं. सायकल पडली. पेढे पडले. कॅप्टन रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. जीप थांबली.

धारपुरे खाली उतरले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक विमान नीट बघितलं.

"साहेब," कॅप्टन विमानाकडे बोट दाखवत म्हणाले, "पंख..."

धारपुऱ्यांनी पिशवी उघडली. आठही कागद चाळले.

"पंखांचा वेगळा कागद आहे?"

"नाही."

"मग कागदोपत्री काही कमी झालेलं नाही. विमान उडण्यास योग्य आहे. माझी सही झाली आहे, आणि झालेली सही मला मागं घेता येत नाही." ते सखाहरीकडे वळले. "तू ती दोरी सोड आणि मला जाऊ दे."

सखाहरी दोरीपाशी गेला आणि थबकला. दोरी सोडली तर विमान इथं राहणार, आणि कागद जीपमधून कचेरीला जाणार. म्हणजे झालीच ताटातूट! साहेबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पडेल चेहऱ्यानं ते रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसले होते. साहेबांसाठी आता तरी काही चुकायचं नाही, असं सखाहरीनं ठरवलं.

त्यानं धारपुऱ्यांच्या हातून पिशवी अलगद काढून घेतली. विमानाचं दार उघडलं. पिशवी पायलटच्या आसनावर ठेवली. ती हलू नये म्हणून तिला पट्टा बांधला. दार लावलं. ओढून बघितलं. मग दोरी सोडली.

रस्ता चढाचा होता. विमान क्षणभर जागीच उभं राहिलं. मग शेपटी पुढं करून ते उताराला लागलं. आधी चालत, मग धावत, मग असं सुसाट, की कॅप्टननीसुद्धा त्याला कधी एवढं पळवलं नव्हतं. तळ्यापाशी रस्ता वळला. विमान वळलं नाही. काठावरून ते वर उचललं गेलं, पिवळं अंग उन्हात लखलखलं, आणि चांगलं वीस हात हवेतून जाऊन ते तळ्यात पडलं.

धारपुऱ्यांनी घड्याळ बघितलं. वही काढली.

"उड्डाण, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं," ते लिहिता लिहिता पुटपुटले. "मी म्हटलंच होतं, योग्य आहे. पायलट आत नव्हता हे मात्र..." ते थांबले. विचार केला. "पण लायसन्स आत होतं. डॉक्टरी दाखलाही होता. ठपका नाही." त्यांनी वही मिटली, जीपमध्ये बसले आणि निघून गेले.

तळ्यात बुडबुडे येत होते. शेपटीचं पिवळं टोक तेवढं पाण्यावर होतं, तेही हळूहळू खाली गेलं. कॅप्टन धोंड्यावरून उठले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

सखाहरी त्यांच्याजवळ उकिडवा बसला. त्याचेही डोळे भरून आले होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या हातून सांगितलेलं काम तंतोतंत झालं होतं.

"रडू नगासा साहेब," तो म्हणाला. "आठच्या आठ आतच हायती. येक बी मागं ऱ्हाऊ दिला न्हाई."